खिडकीची एक झडप

"वा! काय उदास आहे हो!"

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला वाटले, बाहेर कुणीतरी आंब्याची पेटी उघडली असावी. इतका तो सूर तृप्त होता. आमच्या वाचनालयाच्या मागे एक लहान खोली आहे, बांधणीला द्यायची फाटकी पुस्तके आम्ही तिथे ठेवतो. त्या खोलीच्या दारात ते उभे होते. उजवा डोळा मिटलेला, डावा हात पुढे केलेला, तळहात उघडा. पावसाचा थेंब पडतो आहे का हे बघताना आपण धरतो तसा. झरोक्यातून आलेली उन्हाची तिरपी पट्टी त्यांच्या बोटांवर पडली होती आणि ते हात हळूहळू फिरवत होते.

"ताई, या खोलीत कुणाला बसू देऊ नका," ते म्हणाले. मग जरा विचार करून, "म्हणजे बसू द्या, पण एकट्यालाच."

तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल. कामाच्या पाटीवर एक लिहिलेले असते आणि डोक्यात भलतेच चाललेले असते. यांच्या पाटीवर 'लग्न, मुंज, वाढदिवस यांचे व्हिडिओ शूटिंग' असे लिहिलेले होते. पंचवटीत आमच्या बोळाच्या तोंडाशी त्यांचे दुकान होते. नव्वदच्या दशकात आमच्या भागातले एकही लग्न त्यांच्यावाचून उभे राहिले नसेल. नावाने त्यांना कुणी हाक मारत नसे. मांडवात "भटजी आले का?" याच्या आधी "शूटिंगवाले आले का?" असा प्रश्न येई, आणि तेच त्यांचे नाव झाले.

ते कॅमेरा धरत आणि त्यांची बायको लाइट धरत असे. त्या काळी बाईने हॅलोजनची लाइट घेऊन मांडवात फिरणे ही नवलाचीच गोष्ट होती. पण नवरीच्या खोलीत, हळदीच्या जागी बायकांना बुजायला होत नसे म्हणून लोक मुद्दाम यांनाच बोलावत. वहिनी ठेंगण्या, गोऱ्या, मोठ्याने हसणाऱ्या. हात डोक्याच्या वर धरून तासन् तास उभ्या राहत आणि तोंडाने मांडवभर राज्य करत. "ओ काका, वायर ओलांडा, तुडवू नका! मामी, पदर डोक्यावर घ्यायचा असला तर आत्ताच घ्या, मग कॅसेटमध्ये नाही घेता येत!"

"लग्नात सावली चालत नाही ताई," शूटिंगवाल्यांनी एकदा मला समजावले. "नवरीच्या नाकाची सावली वरच्या ओठावर पडली की झालं. पंधरवड्यात मुलीची मावशी कॅसेट घेऊन हजर. आमच्या पोरीला मिशा दिसतात म्हणून! त्यामुळे आम्ही सावली मारतो. समोरून लाइट, बाजूने लाइट. सगळे चेहरे कसे पुरीसारखे फुगलेले, गोल आणि खुशीत."

असा जन्मभर सावल्या मारणारा हा माणूस सुट्टीच्या दिवशी सावल्या शोधत हिंडायचा. त्यांना एक फिल्म करायची होती. छोटीशी. तिच्यात लग्न नसेल, गाणे नसेल, बघणाऱ्याच्या पोटात नुसता खड्डा पडेल अशी. आणि त्या फिल्मबद्दल बोलताना त्यांचा चेहरा इतका उजळायचा की ऐकणाऱ्याला हसू यायचे. उदासपणाविषयी इतक्या उत्साहाने बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पण नाशिक त्यांना साथ देत नव्हते.

थंडीत ते पहाटे उठून गोदावरीच्या घाटावर जात. धुके, काळे पाणी, रिकाम्या पायऱ्या. कॅमेरा लावला रे लावला की लाल माकडटोपी घातलेले कुणीतरी चौकटीत येऊन उभे राही आणि हात हलवी. सातपूरकडे एक बंद पडलेली शेड त्यांनी हेरली होती. फुटक्या काचा, गवत, गंजलेले दार. ते पोचले तर तिथल्या रखवालदाराने खुर्ची आणली, चहा सांगितला, आणि शूटिंग आहेच तर माझे एक भजन घ्या म्हणून गळा साफ केला. नांदगावला लग्नाला गेले असताना बाजार उठल्यानंतरचे पटांगण त्यांना दिसले. चिरगुटे, पाचोळा, एक उलटी टोपली. "वा!" म्हणून ते गुडघ्यावर बसले, तेवढ्यात टोपलीची मालकीण परत आली आणि "दादा, चक्कर आली का?" म्हणून त्यांना हाताला धरून सावलीत घेऊन गेली.

"आपली माणसं कुणाला उदास होऊच देत नाहीत हो," ते वैतागून सांगायचे. "पाणी देतात, चहा देतात. सगळा मूड पुसून टाकतात!"

वहिनी दुकानातूनच ओरडायच्या, "तुम्ही घरी बसा, मी करते तुम्हाला उदास!"

हे वेड कुठून आले, हे मला पुष्कळ उशिरा कळले. एकदा पुस्तक परत करायला आले होते. दुपार होती, वाचनालयात कुणी नव्हते. त्यांनी आपणहून सांगितले.

त्यांचे वडील ओझरला विमानाच्या कारखान्यात होते. वडील गेले तेव्हा हे विशीत असतील. दहाव्याचे विधी झाले, माणसे घरी आली, जेवली, आणि निघून गेली. आई आत झोपली. हे बाहेरच्या खोलीत एकटे. वडिलांची खाट आदल्या दिवशी हलवली होती. खाटेखालची फरशी वर्षानुवर्षे झाकलेली, त्यामुळे तेवढाच चौकोन गुळगुळीत आणि नवा दिसत होता, आणि खिडकीतून येणारे दुपारचे ऊन नेमके त्या चौकोनावर पडले होते.

"इतका सुंदर उजेड होता ताई," ते म्हणाले, "आणि इतकं वाईट वाटत होतं. ही दोन्ही एकदम कशी? मला रडू येत होतं आणि मी त्या उन्हाकडेच बघत होतो. नंतर मी हजार लग्नं शूट केली असतील. तो उजेड मला परत भेटला नाही. मला तो एकदाच पकडायचाय. माझ्या हाताने. मग माझी कटकट संपली."

बोलताना त्यांचा डावा हात टेबलावर उताणा पडला होता.

त्या सुमारास माझी एक गोष्ट एका लहानशा दिवाळी अंकात आली होती. एक बाई, तिचा मुलगा गेला आहे, तेरावे झाले आहे, ती घरात एकटी आहे, बाहेर मुसळधार पाऊस आणि अंधार. मी लिहिणारी अशी फारशी नाही, वाचणारी आहे. त्यांनी ती वाचली आणि अंक हातात नाचवतच आले.

"ताई, हीच! हीच फिल्म! फक्त पाऊस काढा आणि अंधार काढा. दुपार करा."

मला राग आला. तेवढेच तर मी नीट लिहिले होते. मी म्हटले, "आणि बाई ठेवू ना?"

"बाई ठेवा!" ते म्हणाले. त्यांना टोमणा लागला नाही. त्यांना टोमणे लागतच नसत. "अंधारात काय, कुणालाही वाईट वाटतं. ऊन पडलंय, सगळं स्वच्छ दिसतंय, आणि तरी माणूस दिसत नाही, ते वाईट."

मग आम्ही महिनाभर भांडलो. त्यांना फिल्मच्या शेवटी बाई हंबरडा फोडायला हवी होती. मी म्हटले, मग मी गोष्ट देत नाही. त्यांना मागे सनई वाजवायची होती, उदास सनई. मी म्हटले, सनई ऐकली की लोक अक्षता शोधतील. ते विचारात पडले आणि कबूल झाले. मी दुपारीला कबूल झाले. बाईचे काम करायला कुणी मिळेना, तेव्हा ते वहिनींकडे वळले आणि वहिनी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

जागा मात्र मी शोधली, हे मला आजही अभिमानाने सांगावेसे वाटते.

माझी मावसबहीण निफाडकडे मळ्यात राहते. मी तिला आक्का म्हणते. एप्रिलमध्ये तिच्याकडे गेले होते. द्राक्षे निघून गेली होती आणि बागेची खरड छाटणी नुकतीच झाली होती. तुम्ही द्राक्षाची बाग पाहिली असेल ती हिरवी, मांडवासारखी. छाटणीनंतरची बघा. पान नाही, सावली नाही. लोखंडी अँगलच्या आणि तारांच्या रांगा, त्यांना बांधलेली काळी खोडे, दोन्ही हात तोडल्यासारखी, आणि वर पांढरे ऊन. दूरवर तेच. मी बांधावर उभी राहिले आणि माझ्या नकळत माझा डावा हात पुढे झाला.

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना घेऊन गेले. बाग बघून ते नुसते येरझारा घालत राहिले. बागेच्या कडेला एक जुनी खोली होती. आक्का लग्न होऊन आली ती याच खोलीत. पुढे नवे घर झाले आणि इथे औषधाचे ड्रम आणि क्रेट राहायला आले. चुलीच्या धुराने भिंती काळ्या झालेल्या, पोपडे सुटलेले, दोन झडपांची एकच खिडकी. ते आत गेले, एक डोळा मिटला, हात फिरवला, आणि त्यांच्या तोंडून अख्ख्या मळ्याला ऐकू जाईल असे ते वाक्य निघाले.

"वा! काय उदास आहे हो!"

आक्का मागे पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती.

आक्काचे यजमान, आमचे दाजी, म्हणाले, "बागेचं म्हणाल तर घाई करा. आठ-दहा दिवसांत डोळे फुटायला लागतील. मग हे असं नाय राहायचं. सगळं हिरवं."

आणि ऐन लगीनसराई. त्यांच्या दुकानातल्या कॅलेंडरवर त्या आठवड्यात एक दिवस मोकळा नव्हता, अमावस्या सोडून.

"अहो, चांगल्या कामाला अमावस्या धरता?" वहिनी म्हणाल्या.

"चांगलं काम कुठंय? उदास काम आहे. याहून चांगला मुहूर्त नाही!"

अमावस्येला आम्ही सकाळी निघालो. गाडीत कॅमेरा, थर्माकोलचे पत्रे, एक काळी घोंगडी, आणि सवयीने घेतलेली हॅलोजनची लाइट. वहिनी विटक्या साडीत, कुंकू न लावता, आणि सबंध रस्ताभर हसत. ते पुढच्या सीटवर बसून हाताने चौकटी करून दाखवत होते. इथून बाई येईल, इथे भिंत काळी, इथे ऊन.

मळ्यात पोचलो. आक्का नवे लुगडे नेसून दारात उभी होती. खोलीच्या चौकटीला झेंडूचे तोरण. उंबऱ्यापुढे रांगोळी, भलीमोठी, कडेने मोर. आणि आत, खालपासून वरपर्यंत, कडकडीत पोपटी रंग. ड्रम नाहीत, क्रेट नाहीत, पोपडे नाहीत. फरशी पुसून लख्ख.

"काय गं आक्का हे?" मी म्हटले.

"काय म्हणजे? शूटिंग हाय म्हणल्यावर तसंच ठेवायचं का?" ती म्हणाली. मग त्यांच्याकडे वळून, "दादा, मागच्या टायमाला तुम्ही म्हणले ना, घर उदास हाय. लय लागलं मला ते. या खोलीत माझा संसार सुरू झाला. दोन दिवस आम्ही दोघं रंगच देत होतो. आता सांगा. हाय का उदास?"

त्यांचा डावा हात पुढे आलेला होता, तो तसाच खाली गेला.

"नाही हो," ते म्हणाले. "अजिबात नाही. फार सुंदर झालंय."

आणि त्यांनी काय करावे? कॅमेरा काढला, आक्काला आणि दाजींना पोपटी भिंतीपुढे उभे केले, वहिनींना लाइट धरायला लावली आणि लग्नात घेतात तसे दोघांचे शूटिंग केले. "दाजी, जरा जवळ. आक्का, हसा की. वा." एकही सावली पडू दिली नाही. आक्का अशी लाजली की मी तिला तसे कधी पाहिले नव्हते.

मग ते बाहेर गेले आणि बागेच्या बांधावर जाऊन बसले. मी मागोमाग गेले. जवळच्या खोडावर एक बारीक गुलाबी फुगवटा आला होता. ते त्याच्याकडे बघत होते.

"पुढच्या वर्षी बघू," ते म्हणाले. थोड्या वेळाने, "दर वर्षी पुढच्या वर्षीच म्हणतो मी."

त्यांचा उत्साह गेलेला मी कधी पाहिला नव्हता. ते एकदम म्हातारे दिसले. ऊन डोक्यावर आले होते. मी उगाच खोलीकडे बघत राहिले. तोडलेल्या खोडांच्या रांगा जिथे संपतात तिथे ती खोली, तोरण लावलेली, दारात रांगोळी, दार सताड उघडे आणि आत कुणी नाही.

मी सावकाश बोलणारी बाई आहे. तेव्हाही सावकाशच म्हटले, "शूटिंगवाले, हे घर रंगवलंय कुणासाठी?"

"शूटिंगसाठी."

"तसं नाही. गोष्टीतल्या बाईने कुणासाठी रंगवलंय?"

ते माझ्याकडे बघायला लागले.

"मुलगा गेलेला नाही," मी म्हटले. "तेरावं वगैरे काही नाही. मुलगा आज यायचाय. पुष्कळ वर्षांनी. तिने रंग दिला, तोरण बांधलं, रांगोळी काढली. सकाळपासून. आणि आता दुपार झालीय."

त्यांचा उजवा डोळा मिटला. खोलीकडे बघत ते अगदी हळू म्हणाले, "आणि कुणी आलेलं नाही."

पुढच्या क्षणी ते धावत सुटले. पन्नाशीचा माणूस, पोट सुटलेला, ढेकळांतून धावतो आहे आणि ओरडतो आहे, "अगं! लाइट गाडीत टाक! लाइट नको! घोंगडी आण! दाजी, तोरण उन्हात ओढा जरा, सुकू द्या! आक्का, रांगोळीला कुणी पाय लावू नका, ती मला सोन्यासारखी आहे!"

"बघ," आक्का मला म्हणाली, "आता कसं आवडलं!"

पुढचे दोन-तीन तास मी आयुष्यात विसरणार नाही. नवा रंग उजेड इकडून तिकडे उडवत होता, खोली कशी हसत होती. त्यांनी कॅमेऱ्याच्या बाजूच्या भिंतीवर काळी घोंगडी टांगली. "ही उजेड खाते," ते म्हणाले. समोरच्या भिंतीचा रंग एकदम उतरला. मग खिशातून रुमाल काढला, धुवून धुवून फिकट झालेला, कुठल्याशा लग्नातल्या हळदीचा डाग सबंध रुमालभर पसरलेला. तो कॅमेऱ्यापुढे धरून त्यांनी एक बटण दाबले. कॅमेऱ्याला पिवळट गोष्ट पांढरी म्हणून दाखवली, की तो बाकीच्या जगातला पिवळेपणा काढून टाकतो. मी छोट्या पडद्यात पाहिले. ऊन ऊनच होते, पण त्यातली ऊब निघून गेली होती. पोपटी भिंत आजारी दिसत होती.

"आक्कांना दाखवू नका," ते माझ्या कानाशी म्हणाले, आणि आनंदाने त्यांचा आवाज कापत होता.

शेवटी खिडकी. दोन्ही झडपा उघड्या ठेवल्या तर खोली नुसतीच दिसत होती. दोन्ही लावल्या तर रात्र. ते आतून मला सांगत होते आणि मी बाहेरून झडप लोटत होते. "डावी. अजून. अजून जरा. थांबा! मागे. बोटभर. हां!" एक उभी पट्टी फरशीवर येऊन पडली. पुसून लख्ख केलेल्या, रिकाम्या फरशीवर.

मी खिडकीतून डोकावले तर ते त्या पट्टीच्या कडेला उकिडवे बसले होते, घरात कुणी झोपले असेल आणि जागे होईल अशा बेताने.

आता वहिनी. दरवाजातून मागे रांगोळी आणि छाटलेली बाग दिसेल अशा रीतीने त्यांना पट्टीच्या कडेला बसवले. त्या हसत होत्या.

"काय करू हो मी?"

"काही करू नको. बस."

"काही करू नको कसं? लग्न झाल्यापासून असं बसवलंत का कधी? हात रिकामे आहेत माझे. काय करू या हातांचं? लाइट तरी द्या!"

त्यांनी कॅमेरा सुरू केला होता. वहिनी थोडा वेळ त्यांच्या उत्तराची वाट बघत राहिल्या. मग त्यांनी खाली बघितले, आपल्या हातांकडे. किती वर्षे ते हात डोक्याच्या वर होते, दुसऱ्यांच्या पोरींच्या तोंडावर उजेड धरून. मांडीवर ते कसे ठेवायचे हे त्यांना खरेच ठाऊक नव्हते. एकदा उपडे ठेवले, एकदा उताणे. मग एक हात उन्हाच्या पट्टीत गेला आणि तिथेच राहिला. हसू कधी गेले ते कळले नाही. मागे रांगोळी, तिच्यापलीकडे ती हातपाय तोडलेली बाग, आणि सुकत चाललेल्या तोरणाची एक पाकळी गळून उंबऱ्यावर पडली. ती कुणी पाडली नव्हती.

"वा," ते म्हणाले. पुढचे शब्द त्यांनी गिळले, कारण आवाजही टेपवर येत होता.

दाजी माझ्या शेजारी उभे होते. ते हळूच म्हणाले, "कोण यायचं होतं हो त्यांच्याकडं?" त्यांना सगळे माहीत होते. तरी विचारले.

ती फिल्म आम्ही वाचनालयाच्या हॉलमध्ये दाखवली. टीव्ही ठेवला, सतरंज्या घातल्या. आक्का आणि दाजी पुढच्या रांगेत. शेजारचे निवृत्त मास्तर दोनदा उठले आणि दोनदा त्यांनी टीव्हीचा उजेड वाढवायला हात घातला. "अंधुक दिसतंय हो, बिघडलाय का?" तिसऱ्यांदा उठले तेव्हा मागून असा आवाज आला की मास्तर जागीच बसले.

"हात लावू नका!"

एवढे एकदाच मी त्यांना रागावलेले पाहिले. मग हॉलमध्ये कुणी हलले नाही. संपल्यावर आक्का डोळे पुसत होती आणि मला म्हणत होती, "आला का गं मग तो? पुढं तरी आला का?" आणि डोळे पुसता पुसताच, "रंग पण चांगला आलाय."

फिल्ममध्ये तो 'वा' ऐकू येतो. अगदी पुसट, पण येतो. त्यांना तो पुसायचा होता. मी पुसू दिला नाही.

नंतर डिजिटल कॅमेरे आले, मांडवात ड्रोनसारखे काहीबाही फिरू लागायला अजून अवकाश होता, पण क्रेनवरून मोठे झोके घेणारे कॅमेरे आले, आणि लोक तरुण शूटिंगवाल्यांकडे गेले. त्यांना त्याचे फार वाटले नाही. वाचनालयात येऊन बसत. पुढची फिल्म कोणती, असे मी विचारले की म्हणत, "ताई, मला एकच पाहिजे होती. ती झाली. आता मी नुसता बघतो." आणि बघत. कुणाच्या अंगणात, पोस्टाच्या पायऱ्यांवर, भाजीबाजारात ताडपत्रीच्या भोकातून. एक डोळा मिटून.

पुढे आजारपण आले आणि ते घरातल्या खाटेवरच राहिले, पुष्कळ महिने. मी जायची तेव्हा खिडकीकडे बोट करून दाखवायचे, ऊन कुठवर आले आहे ते.

तेराव्याला मी गेले. माणसे जेवली आणि एकेक करून उठली. त्यांच्या बहिणीने जाता जाता "किती भकास वाटतंय या खोलीत" म्हणून ट्यूब लावली.

"हात लावू नका!" वहिनी म्हणाल्या. इतक्या दिवसांत त्यांचा मोठा आवाज पहिल्यांदाच निघाला असेल. बहीण बिचारी दचकली, ट्यूब बंद करून गेली.

आम्ही दोघीच उरलो. वहिनींनी माझा हात धरला.

"ताई, बघा."

खाट आदल्या दिवशी हलवली होती. तिच्या खालचा फरशीचा चौकोन वेगळाच दिसत होता, नवा, गुळगुळीत. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत आले होते आणि चौकोनाच्या कडेला टेकले होते. पण ते पसरट होते, भिंतीवर सांडले होते.

"अहो ताई, बघत काय बसलात, सरकेल ते!" वहिनी उठल्याच. "जा, झडप लोटा. डावी, डावी हो! अजून. अजून थोडी."

मी धावले. खरेच धावले. "एवढी?"

"थांबा! मागे. बोटभर. हां. आता हात काढा, हळू."

ऊन आवळत आवळत एका उभ्या पट्टीएवढे झाले आणि नेमके त्या चौकोनावर येऊन पडले. वहिनी तिच्या कडेला बसल्या. त्यांनी उजवा डोळा मिटला, डावा हात पुढे केला आणि उघडा तळहात त्या उन्हात हळूहळू फिरवला.

"वा," त्या म्हणाल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. डोळे भरले होते आणि चेहरा उजळला होता.

"काय उदास आहे हो."